भीमरावांचे इंग्रजी लेखन : एका विद्यार्थ्याची घडण



चौथीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू असतो. मुलगा पुस्तकातील उतारा खणखणीत आवाजात वाचतो. खालच्या प्रश्नांची उत्तरे फळ्यावरून सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतो. परंतु ‘काल बांधीत रोवणी चालली होती, तेथे तू काय पाहिलेस ते इंग्रजीत तीन वाक्यांत लिही,’ असे त्यास सांगितले की लेखणी थांबते. हा अनुभव या जिल्ह्यातील कोणत्याही शिक्षकास नवा नाही. त्यावर सामान्यतः असे म्हटले जाते की, मुलाजवळ शब्द कमी आहेत. आणि उपाय म्हणून शब्दांच्या याद्या पाठ करण्यास दिल्या जातात. याद्या पाठ होतात, लेखणी मात्र तेथेच राहते.

परकी भाषा लिहिण्याची शक्ती विद्यार्थ्याच्या ठिकाणी कशी येते, हे पाहावयाचे असेल तर एका विद्यार्थ्याची घडण बारकाईने न्याहाळणे उपयोगी पडेल. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव प्रत्येक शाळेच्या भिंतीवर आहे. या भूभागाशी त्यांचा एक संबंधही आहे. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीस ते उभे राहिले होते. त्यांस यश आले नाही. आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच होता, तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. परंतु येथे विचार करावयाचा आहे तो त्या राजकारणाचा नव्हे. साताऱ्याच्या शाळेत इंग्रजी पहिलीत बसलेला मुलगा पंचविसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या विद्वानांसमोर स्वतःचा निबंध वाचतो, या मधल्या वाटेवर काय काय घडले, एवढाच प्रश्न आहे.

या वाटेवरचा पहिला शिक्षक घरातलाच होता. सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेत सुमारे चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. अध्यापन हा त्यांचा व्यवसाय होता आणि मुलांच्या अभ्यासाबाबत ते कडक होते. त्यांनी भीमरावांच्या इंग्रजीसाठी दोन साधने वापरली : हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. पहिलीतून पाठांतर, दुसरीतून भाषांतर. तर्खडकरांची ही पुस्तके त्या काळी महाराष्ट्रातील असंख्य घरांत होती, आणि पुष्कळांनी ती केवळ परीक्षेपुरती उलटली असतील. रामजींनी मात्र ती मुलाकडून कसोशीने करवून घेतली.

भाषांतराचा पाठ आज जुनाट समजला जातो. त्यात दोष आहेतच. बोलण्याचा सराव त्याने होत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु लेखन शिकणाऱ्यास तो एक गोष्ट अशी शिकवतो की जी शब्दांच्या यादीतून कधीही शिकता येत नाही. ‘मला भूक लागली’ हे वाक्य घ्या. मराठीत भूक ही काहीशी बाहेरून येऊन माणसास लागते. इंग्रजीत ‘आय ॲम हंग्री’ म्हणताना माणूस स्वतःच भुकेला असतो. ‘पाऊस पडतो’ यात पाऊस कर्ता आहे; ‘इट रेन्स’ यात पाऊस क्रियापदात विरघळून गेला आणि कर्त्याच्या जागी ज्याचा काही अर्थ सांगता येत नाही असे एक सर्वनाम येऊन बसले. शब्दास शब्द ठेवून हे वाक्य नेता येत नाही. मुलास आधी थांबून ‘मला म्हणावयाचे आहे ते नेमके काय?’ असे स्वतःस विचारावे लागते, आणि मग ते दुसऱ्या भाषेच्या रीतीने मांडावे लागते. हे थांबणे म्हणजेच लेखनाचा आरंभ होय. जो मुलगा फळ्यावरून उतरवून घेतो त्यास थांबण्याची वेळच येत नाही.

या जिल्ह्यात तर हे ओझे दुहेरी आहे. सालेकसा, देवरी या भागांत घरी गोंडी बोलणारी मुले आहेत. अन्यत्र पोवारी, झाडीबोली, छत्तीसगढी किंवा हिंदी कानावर घेऊन मूल शाळेत येते. त्याला पाठ्यपुस्तकातील मराठी हीच आधी शिकावयाची भाषा असते, आणि महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आल्यामुळे दोन्ही ओझी एकाच वेळी खांद्यावर पडतात. ते मूल मंद आहे असा समज काही वेळा करून घेतला जातो. वस्तुतः अर्थ एका भाषेतून दुसरीत नेण्याचे काम ते दिवसभर करीतच असते. ते कुणी मोजत नाही, इतकेच.

भीमराव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले. पुढे कुटुंब मुंबईस आले. परळच्या चाळीतील एका खोलीत सारा संसार. मुलास लवकर निजवावयाचे आणि पहाटे दोनच्या सुमारास उठवून दिव्यापाशी अभ्यासास बसवावयाचे, असा क्रम वडिलांनी बसविला. अवांतर पुस्तकांची मुलास विलक्षण ओढ. पेन्शनीत ते भागेना, तेव्हा रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांच्याकडून पैसे किंवा एखादा दागिना मागून आणीत आणि पुस्तक विकत घेत. शाळेत त्या मुलास अस्पृश्य म्हणून काय काय सोसावे लागले, ते सर्वांस ठाऊक आहे. लेखनाच्या दृष्टीने एक गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी : त्यांस संस्कृत शिकावयाचे होते आणि ते शिकू दिले गेले नाही, त्यामुळे फारसी घ्यावी लागली. ज्या भाषेत या देशाचे जुने शास्त्र लिहिलेले होते तिचे दार शाळेनेच लावून घेतले. पुढे त्यांनी ते स्वतःच्या श्रमाने उघडले खरे, परंतु विद्यार्थिदशेत त्या शास्त्राकडे जाण्याचा त्यांचा रस्ता इंग्रजी ग्रंथांतूनच गेला. इंग्रजी ही त्यांच्यासाठी शोभेची वस्तू कधीच नव्हती.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. गुण मिळाले ७५० पैकी २८२. हा आकडा शिक्षकांनी अवश्य स्मरणात ठेवावा. आज असा गुणपत्रक घेऊन एखादा विद्यार्थी आला, तर त्याच्या लेखणीविषयी कोणी मोठी आशा बाळगील काय? परंतु एका शिक्षकाने ती बाळगली होती. मुंबईच्या विल्सन हायस्कुलातील कृष्णाजी अर्जुन केळुसकर संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत. तेथे हा मुलगाही रोज पुस्तक घेऊन येतो, हे त्यांनी पाहिले. चौकशी केली, ओळख झाली, पुस्तके देऊ लागले. मॅट्रिकच्या यशाबद्दल झालेल्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांस भेट दिले, आणि पुढील शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांकडे शब्दही टाकला. महाराजांनी दरमहा २५ रुपये देऊ केले. मुलगा केळुसकरांच्या शाळेचा नव्हता. त्याचा निकाल त्यांच्या नावे मांडला जाणार नव्हता.

एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बी. ए. झाल्यावर, १९१३च्या जुलैत ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. खरी कसोटी येथे सुरू झाली. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि वर फ्रेंच व जर्मन भाषांचा एकेक. अध्यापकांत जॉन ड्यूई होते, एडविन सेलिग्मन होते. येथे अध्यापक व्याख्यान देऊन मोकळे होत नसत. विद्यार्थ्याने विषय घ्यावयाचा, ग्रंथालयात बसून साधने जमवावयाची, निबंध लिहावयाचा, आणि तो चर्चासत्रात सर्वांसमोर वाचावयाचा. मग प्रश्न सुरू होत. अमुक विधान कशावरून? तमुक ग्रंथकार तर उलट म्हणतो, त्यास आपले उत्तर काय? कागदावर जे सहज चालून जाते ते अशा प्रश्नांपुढे टिकत नाही. आणि एकदा ही फजिती अनुभवलेला विद्यार्थी पुढचे वाक्य लिहितानाच तो प्रश्न मनात ऐकू लागतो.

या तीन वर्षांत लेखन कसे बदलले, हे दोन निबंध शेजारी ठेवले असता दिसते. पहिला मे १९१५चा, एम. ए. साठी लिहिलेला, विषय ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिचे अर्थकारण. मेहनत अफाट आहे. आकड्यांचे तक्ते आहेत, अहवालांतील उतारे आहेत, एकामागून एक माहिती येते. लेखकाचे स्वतःचे मत आहे, तीव्रही आहे. परंतु ते साधनांच्या ढिगाऱ्यामागे उभे आहे, बहुतेक शेवटी शेवटी पुढे येते. हा निबंध म्हणजे उत्तम विद्यार्थ्याचे काम होय.

दुसरा अवघ्या एका वर्षाने, ९ मे १९१६ रोजी, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचलेला ‘कास्ट्स इन इंडिया’. येथे हात वेगळाच झाला आहे. आरंभी श्रोत्यांना तो त्यांच्याच ओळखीच्या जागी नेतो : वस्तूंची प्रदर्शने सर्वांनी पाहिलेली असतात, मानवी संस्थांचेही प्रदर्शन मांडता येते ही कल्पना मात्र थोड्यांच्याच मनात येते. मग प्रश्न ठेवतो की, जात म्हणजे काय? त्यावर आधीच्या चार अभ्यासकांनी, सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांनी, जी व्याख्या केली ती एकेक करून तपासतो. यांतले केतकर म्हणजे पुढे ज्ञानकोश सिद्ध करणारे श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांचा जातिसंस्थेवरील इंग्रजी ग्रंथ १९०९ साली निघाला होता. त्यांच्याविषयी लेखकास आदर आहे आणि तो आदर व्यक्त करूनच तो त्यांच्या व्याख्येतील उणीव दाखवितो. त्यानंतर स्वतःचे म्हणणे येते, तेही एका ओळीत सांगता येण्यासारखे : जातीचे मर्म जातीतच विवाह करण्याच्या बंधनात आहे. हे एक सूत्र धरून तो सतीची चाल, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांची उपपत्ती लावीत जातो. अखेरीस म्हणतो की, हे मत अंतिम आहे असा दावा नाही; चूक दाखविली तर ते सोडण्याची तयारी आहे.

शब्दसंपत्ती एका वर्षात दुप्पट झाली असे तर घडलेले नाही. बदलला तो क्रम. काय विचारावयाचे आहे, इतरांनी काय उत्तर दिले, त्यात काय कमी पडते, आपले उत्तर कोणते आणि त्यास आधार काय : या क्रमाने वाक्य वाक्यास ओढून आणते. शिवाय जी गोष्ट स्वतःच्या अंगावर जन्मापासून वळ उठवीत आली, तिच्याविषयी हा पंचवीस वर्षांचा तरुण इतक्या शांत भाषेत लिहू शकला, हे त्या शिक्षणाचे लहान फळ नव्हे. निबंध पुढल्या वर्षी, १९१७च्या मे महिन्यात, ‘इंडियन अँटिक्वरी’ या मासिकात छापला गेला.

येथे खेड्यातील शिक्षक सहजच म्हणेल की, कोठे कोलंबिया आणि कोठे दोन शिक्षकी शाळा! अंतर आहेच. परंतु चर्चासत्रास इमारत लागत नाही. सहावीच्या मुलीने ‘आमची बोडी’ या विषयावर मराठीत पाच आणि इंग्रजीत दोन वाक्ये लिहिली, ती वर्गासमोर वाचली, आणि एखाद्या मुलाने ‘बोडीत पाणी किती महिने राहते ते तू लिहिले नाहीस,’ असे म्हटले, तर ते चर्चासत्रच झाले. त्या मुलीचे सहावे वाक्य तिचे स्वतःचे असेल. उलट, ‘माझी आई’ हा निबंध चाळीस वह्यांत एकाच शब्दांत सापडतो, तेव्हा चाळीस आयांपैकी एकही त्या वह्यांत नसते. तपासनीस अधिकाऱ्यास अशा वह्या स्वच्छ दिसतात, आणि शुद्धलेखनाच्या चुका असलेली खरी वही अस्वच्छ दिसते. यात दोष केवळ शिक्षकाचा आहे असे म्हणता येणार नाही.

आता लंडनची कथा. १९१६च्या अखेरीस भीमराव लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या जहाजावर होते ते बुडाले आणि जमविलेली पुस्तके गेली. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पैसे साठविले, आणि १९२० साली पुन्हा लंडनला गेले. जाण्यापूर्वी, ३१ जानेवारी १९२० रोजी, शाहू महाराजांच्या साहाय्याने त्यांनी ‘मूकनायक’ हे मराठी पाक्षिक सुरू केले होते. त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग होता. इंग्रजीत कमावलेली प्रश्न विचारण्याची, आधार देण्याची शिस्त मराठीत आली, ती तुकारामाचे बोट धरून. परकी भाषा नीट शिकली म्हणजे स्वभाषा सुटते, अशी जी भीती काही पालक बोलून दाखवितात, तिला येथे आधार सापडत नाही. अर्थात पहिली भाषा घरात भक्कम असली पाहिजे. आंबेडकरांच्या घरी संतवाङ्मयाचे पाठ होत असत.

१९२१ साली एम. एस्सी. झाली. १९२२च्या ऑक्टोबरात त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध डी. एस्सी. साठी सादर केला. भारताचे चलन कोणत्या पायावर असावे, हा त्या काळचा अत्यंत वादग्रस्त प्रश्न. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने ज्या पद्धतीची भलावण केली होती तिच्याविरुद्ध या प्रबंधाचा रोख होता, आणि सरकारच्या धोरणावर त्यात कठोर टीका होती. १९२३च्या मार्चमध्ये उत्तर आले की प्रबंध पुन्हा लिहून आणावा. टीकेची धार परीक्षकांना सोसली नाही, असे चरित्रकार धनंजय कीर नमूद करतात.

हा प्रसंग विचार करण्याजोगा आहे. पैसे संपत आले होते, घरी कुटुंब वाट पाहत होते, वय बत्तीस. अशा वेळी माणूस दोन्हीपैकी एक चूक करतो. एक तर रागाने कागद फेकून देतो, किंवा परीक्षकास जे हवे ते निमूटपणे लिहून देतो. आंबेडकर मुंबईस परतले आणि त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला. मांडणी बदलली, भाषा बदलली. निष्कर्ष होते तेथेच ठेवले. मुंबईहून तो लंडनला पाठविला आणि १९२३च्या नोव्हेंबरात तो मान्य झाला. वर्षाअखेरीस तो ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने ग्रंथरूपाने निघाला. त्यास त्यांचे अध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. लेखकाच्या काही मतांशी आपण सहमत नाही हे त्यांनी तेथे उघड सांगितले आणि तरीही त्याच्या विचारांतील ताजेपणाची वाखाणणी केली. शिष्याचे मत पटत नसता त्याच्या पुस्तकास प्रस्तावना देणारा गुरू, आणि ती प्रस्तावना आनंदाने छापणारा शिष्य, ही जोडी दुर्मिळच म्हणावी लागेल.

वहीवर तांबड्या शाईने ‘पुन्हा लिही’ असा शेरा देताना शिक्षकाने काय पुन्हा लिहावयाचे ते सांगितले पाहिजे. अक्षर, क्रियापद, वाक्यांचा क्रम हे बदलावयास सांगावे. मुलाने जे पाहिले ते बदलावयास सांगू नये. रोवणीच्या दिवशी पाऊस नव्हता असे त्याने लिहिले असेल, तर पुस्तकातल्या पावसाळ्यात पाऊस असतो म्हणून ते खोडू नये.

तेरा वर्षांनी हाच फरक मोठ्या प्रमाणावर पुढे आला. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांस अध्यक्षीय भाषणासाठी बोलाविले होते. इंग्रजीत लिहिलेले भाषण पाहून मंडळाने काही मजकूर गाळावा अशी इच्छा दर्शविली. या वेळी मागणी मांडणीची नव्हती, निष्कर्षाची होती. आंबेडकरांनी एक शब्दही गाळला नाही. परिषद रद्द झाली, आणि त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. दीड हजार प्रती हातोहात संपल्या. पुढे १९३७ आणि १९४४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या.

रुपयावरील ग्रंथ रामजी सुभेदारांना पाहावयास मिळाला नाही. २ फेब्रुवारी १९१३ रोजी, मुलगा अमेरिकेस जाण्यापूर्वी काही महिने, त्यांचे निधन झाले होते. आई तर भीमराव अगदी लहान असतानाच गेली होती. तो ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे. अर्पणपत्रिकेतील इंग्रजी वाक्य साधे आहे. मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी जो त्याग केला आणि जी दृष्टी दाखविली, तिच्याबद्दल कृतज्ञता, एवढेच त्यात म्हटले आहे.